पाऊण दाबायचं नाही

साडेसहा महिन्यांनी फलक कामावर आली, तर तिच्या खुर्चीच्या पाठीवर समीक्षाची शाल टाकलेली होती. नुसती टाकलेली नव्हे, कोपऱ्याला कोपरा लावून, घरच्या दिवाणावर टाकावी तशी.

"आलीस व्हय?" सुपरवायझर अंबाजीभाऊ म्हणाले. "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे, भाऊ."

"ब्येस. आता आठ-पंधरा दिस चार नंबरात कटिंगला जा. समीक्षाचा हात बसलाय मशीनवर. घाईचे दिस हायेत, मधीच बदलाबदली नगं. मग बघू."

जानेवारी संपत आला होता. फेब्रुवारीच्या गुलाबांची घाई म्हणजे कान्हे गावातल्या या पॉलिहाऊसमध्ये कुणाला मान वर करायला सवड नसते, हे फलकलाही ठाऊक होतं. पण चार नंबरचा शेड म्हणजे फवारणी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी औषध मारायचे, आणि त्याचा वास ओढणीत, केसांत, नखांत जाऊन बसायचा.

"भाऊ, बाळ अजून अंगावर पितंय," ती हळूच म्हणाली.

अंबाजीभाऊ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी घरी जाऊन आंघोळ करून घेत जा." आणि कात्री तिच्या हातात देऊन निघून गेले.

त्या खुर्चीत काय होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. एक पाय डुगडुगणारी, प्लॅस्टिकची खुर्ची. पण ती ग्रेडिंग हॉलमध्ये होती, आणि हॉलमध्ये औषध येत नव्हतं. खुर्चीवरनं उठून ओढा ओलांडला की दहा मिनिटांत घर. आंघोळ नको, कपडे बदलणं नको, रुमाईसाला सरळ छातीशी धरायचं. अकरा वाजले की फलकचं अंग आपोआप भरून यायचं, कुर्ता ओला व्हायचा. तिथं घड्याळाची गरजच नव्हती. सुट्टीतले शेवटचे कितीतरी दिवस तिनं या खुर्चीच्या भरवशावर काढले होते.

आणि ती खुर्ची तिनं कमावलेली होती.

ग्रेडिंगचं मशीन चीनहून आलेलं, तेही दुसऱ्या कुणाकडनं वापरून झालेलं. गुलाबाची एकेक दांडी त्याच्या चिमट्यात अडकवायची. वर कॅमेरा असतो. तो दांडीची उंची मोजतो, कळी किती उघडलीय ते बघतो, आणि दांडी आपली आपण चाळिसाच्या, पन्नासाच्या नाहीतर साठाच्या खणात जाऊन पडते. हे सगळं चालायचं शेजारच्या कॉम्प्युटरवरनं. आणि त्या कॉम्प्युटरवर जे उमटायचं, ते ना मराठी, ना इंग्रजी, ना धड चिनी. कुठं शेंडी फुटलेला इंग्रजी ई, कुठं डोक्यावर दोन टिंबं दिलेला ओ, कुठं पाउंडाची खूण, कुठं मध्येच पाऊण लिहावा तसा तीनचतुर्थांश. चिनी अक्षरांचं नुसतं भरीत झालं होतं. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, "अक्षरांचा प्रॉब्लेम आहे, नंतर बघू," आणि गेला तो गेलाच.

तेव्हा फलकनं एकेक बटण दाबून, काय होतं ते बघून, मशीन शिकून घेतलं होतं. पंधरा दिवस लागले. दोन शेंड्या असलेलं खोलायचं आणि मापं बदलायची, त्याचं नाव 'शेंडीवाला'. थांबवायचं बटण 'पाउंड'. केलेलं साठवून ठेवायचं तिथं अधिक-उण्याची खूण होती, म्हणून ते 'अधिक-उणे'. आणि ज्याच्यात तो तीनचतुर्थांश होता, ते 'पाऊण'. पाऊण दाबलं की सगळी मापं पुसली जायची. हे कळलं ते अर्थातच एकदा दाबल्यावर. त्या दिवशी बायकांनी चार हजार दांड्या हातात पट्टी घेऊन मोजल्या होत्या, आणि पॅकिंगच्या सरुबाईनं आपल्या कमरेवर हात ठेवून नियम घातला होता: "हिथनं फुडं कुणीबी पाऊण दाबायचं न्हाई. दाबलं तर मी त्याला दाबीन."

हळूहळू ते शब्द साऱ्या हॉलचे झाले. जेवणाच्या सुट्टीला "चला, पाउंड करा" म्हणायच्या बायका. कुणाचं लग्न मोडलं तर "पाऊण दाबलं बघ तिनं." पण ते शब्द कुणी काढलेत, हे सगळ्यांना माहीत होतं. बाळंतपणाला जायच्या आधी चार दिवस समीक्षाला शेजारी बसवून फलकनंच ते तिला शिकवले होते, एकूण एक.

म्हणून पहिल्या आठवड्यात, दांड्यांची बादली घेऊन हॉलमध्ये येताना समीक्षाची पाठमोरी वेणी दिसली की तिला जे डाचायचं, त्यावर एवढाच उतारा होता. बस, बाई, बस. माझ्या जागेवर तुझी पाण्याची बाटली ठेव, माझ्या बायकांना हसव. पण मशीन चालवतेस ती माझ्याच शब्दांवर.

गुरुवारी तोही उतारा गेला.

ती बादली घेऊन आली तर कॉम्प्युटरभोवती घोळका. सरुबाई चष्मा कपाळावर चढवून पुढं वाकलेली. पडद्यावर शेंड्या नाहीत, टिंबं नाहीत, पाउंड नाही. ओळीनं सुबक, चौकोनी, काड्याकाड्यांची अक्षरं. खरीखुरी चिनी.

"कसं केलंस गं?" कुणीतरी विचारत होतं.

"काही नाही गं," समीक्षा म्हणाली. पण 'काही नाही' म्हणताना तिचे गाल लाल झाले होते. "ही जुनी सॉफ्टवेअरं कुठल्या देशाची अक्षरं वाचणार, ते कॉम्प्युटरमध्ये एकाच ठिकाणी ठरलेलं असतं. आपलं मशीन चिनीत लिहीत होतं आणि कॉम्प्युटर त्याला इंग्रजीचा चष्मा लावून वाचत होता. मी चष्मा बदलला. बंद करून चालू केलं, झालं." मग तिनं मोबाईलचा कॅमेरा पडद्यावर धरला. मोबाईल अक्षरांवर मराठी शब्द दाखवू लागला. "हे बघा. सुरू. थांबा. साठवा. पुसा."

"आन आपलं पाऊण कुटं गेलं?" सरुबाईनं विचारलं.

"हेच की मावशी पाऊण. आता 'पुसा' म्हणायचं."

"पुसा," सरुबाई म्हणाली. "आसं व्हय. म्हंजी सरळच नाव हाय की त्येचं."

सगळ्या हसल्या. फलकही हसली. "छान केलंस हं," असं तिच्या तोंडून गेलंसुद्धा, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटला. तीन वर्षं. तीन वर्षं ती त्या भरिताची नावं ठेवत बसली, ती नावं पाठ करत, करवून घेत, आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की हे दुरुस्तच करता येईल. आणि ही काल आलेली पोरगी, कामशेतच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तीन महिने काय बसली, चहा प्यायच्या आत करून मोकळी झाली.

अंबाजीभाऊंनी व्हिडिओ काढून मालकांना धाडला. मालकांचा अंगठा आला, पाठोपाठ फोन आला. फोन ठेवून भाऊ मोठ्यानं म्हणाले, "मालक म्हणत्यात, ह्या पोरीला मशीनवर पर्मनंट करा. एक तारखेपासनं."

मग बघू, ते असं बघितलं गेलं. कुणी फलककडे पाहिलं नाही. सरुबाईनं तेवढं एकदा पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, फवारणीचा. दहाच्या सुमाराला फलक बादली घेऊन कोल्ड रूमच्या मागं, पॅकिंगच्या कोपऱ्यात गेली. सरुबाई तिथं बॉक्सना लेबलं चिकटवत होती. लेबलांचं छपाईयंत्र त्याच कोपऱ्यात असायचं. समीक्षा सकाळी हॉलमधून छपाईचं बटण दाबायची आणि लेबलं इथं येऊन पडायची. लाल, साठ सेंटिमीटर, वीस दांड्या, कटिंग रतनबाई, असं मराठीत. तेवढ्यावर मुंबईचा व्यापारी माल लावायचा, आणि दांडी खराब निघाली तर कुणाच्या हातची ते कळायचं.

आज लेबलावर आकडे होते आणि बाकी चिनी होतं.

"बघ की," सरुबाई म्हणाली, "समदं चायनीज केलं पोरीनं. लेबलं बी. आता माल तिकडंच जातोय का काय, कुणास ठावं!"

"मावशी, यात नावं कुठायत?"

"आसतील की त्येच्यातच. मला कुटं वाचाया येतंय? मराठी आसतंय तवाबी मी आपली सरळ चिकटवते एवढंच. शिकलेल्या पोरीनं केलंय, म्हंजी बरोबरच आसंल."

फलकनं एक लेबल हातात घेतलं. हे बरोबर नव्हतं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण कालच्या चष्म्याशी याचा संबंध आहे, एवढं तिला लख्ख कळलं. दीडला गाडी. उद्या मुंबईचा व्यापारी बॉक्सावरचं न वाचता येणारं बघून सगळा माल मिसळ म्हणून कमी भावात ढकलून देणार, फोनवर आरडाओरडा करणार, आणि मालकांचं ते 'पर्मनंट' विरून जाणार.

हॉल वीस पावलांवर होता. समीक्षाचा आवाज येत होता, कुठलंसं गाणं गुणगुणत होती. सांगायचं तर एका वाक्याचं काम. वाक्य फलकच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

तिनं लेबल सरुबाईच्या हातात परत दिलं. मी काय केलं? मी तर काहीच केलं नाही, असं स्वतःशी म्हणत ती चार नंबरात गेली आणि अकरापर्यंत तिनं एवढ्या झपाट्यानं दांड्या कापल्या की एक काटा अंगठ्यात मोडला, तोही तिला घरी गेल्यावर दिसला.

घरी तिनं आधी न्हाणी गाठली. अंगावर पाणी घेताना आतून रुमाईसाचं रडणं ऐकू येत होतं. तिनं साबण दोनदा लावला. मग रडणं थांबलं, आणि त्या थांबण्यानंच ती जास्त घाबरली. ओल्या केसांनी बाहेर येऊन बघते तर सासू हसिना पाय पसरून बसलेली, मांडीवर रुमाईसा, आणि रुमाईसाच्या तोंडात बाटली. डोळे मिटलेले. चिमुकला हात सासूच्या बोटाभोवती.

"अम्मी, मी आले होते ना."

"रडत व्हती गं," हसिना म्हणाली. "तुझी आंघोळ व्हईस्तवर किती रडवायची?"

फलकनं जवळजवळ हिसकावूनच लेकीला घेतलं. रुमाईसानं डोळे उघडले, आईकडे पाहिलं, आणि तोंड वळवून आजीला शोधू लागली. छातीशी धरलं तर एकदा चाटून पुन्हा वळली. बाटलीचं सोपं दूध पिऊन पोट भरलं होतं तिचं. फलकला वाटलं, सगळीकडे हेच. मी जागेवरून उठायचा अवकाश, दुसरं कुणीतरी येऊन बसतं, आणि ते माझ्यापेक्षा बरं बसतं.

तिचे डोळे भरलेले हसिनानं पाहिले की नाही, कोण जाणे. ती उठून शेजारी बसली. "आसं नगं धरू. आडवं धरलं की वळती ती. डाव्या खांद्यावर घे, हां, आन कानापाशी हळू बोल. कायबी बोल. परवा मी गॅसवाल्याला देतात त्या शिव्या बोलत व्हते, तर झोपली." फलकला हसू आलं. "आन सांजची बाटली देताना तूच दे, म्हंजी तुझा वास ऱ्हाईल त्येला."

"तुम्ही मला सगळं सांगता, अम्मी."

"आता तुला न्हाई तर कुणाला सांगू?" हसिना चकित होऊन म्हणाली. "तुझ्यापासनं लपवून ठेवलं तर उपाशी कोण ऱ्हाईल? ही."

ती हे साधंच बोलली, चुलीवरचं भांडं उतरवताना बोलावं तसं. पण फलकला ते लागलं. तिनं रुमाईसाला खांद्यावर घेतलं, तिच्या कानापाशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून शेवटी जे मनात होतं तेच पुटपुटली. रुमाईसा ऐकता ऐकता झोपली. तिला सासूच्या हवाली करून फलक ओढ्याच्या वाटेनं जवळजवळ पळतच निघाली.

सव्वाबाराला ती हॉलमध्ये पोचली. "समीक्षा, लेबलं बघून ये."

समीक्षा गेली आणि एक लेबल हातात घेऊन आली. चेहरा उतरलेला. "अगं आई गं. लेबलचा प्रोग्रामपण जुनाच आहे, ताई. मराठीपण त्याच रस्त्यानं येतं. चष्मा एकच आहे ना. मी चीनचा लावला, तर आपलं मराठीपण तो चिनी समजून वाचायला लागला." ती मटकन खुर्चीत बसली. "किती बॉक्स झालेत?"

"अडतीस, येताना मोजले. रडू नकोस, आधी चष्मा काढ तो."

समीक्षानं मागचं होतं तसं केलं. कॉम्प्युटर बंद होऊन चालू व्हायला चार मिनिटं लागली. चार मिनिटं दोघी घड्याळाकडे बघत उभ्या. पडद्यावर पुन्हा शेंड्या उगवल्या, टिंबं आली. लेबलावर रतनबाई पुन्हा रतनबाई झाली. मग फलक छापत गेली आणि समीक्षा जुनी लेबलं ओलं फडकं लावून सोलत गेली. पण कुठल्या बॉक्सात कुणाचा माल, ते आता कोण सांगणार? तिथं सरुबाई उभी राहिली. बॉक्सचं झाकण उचलायची, बंचच्या दोरीकडे बघायची; जिनं दांड्या कापल्या तिनंच बंच बांधायचा, अशी इथली रीत. "हा रतनबाईचा. डावरी हाय ती, गाठ उलटी मारती. हा भागुबाईचा, तिची दोरी कवाबी आखूड पडती. हा तुझा फलक, दोन गाठी. एकीवर तुझा भरोसा न्हाई."

तिसावं लेबल सोलताना समीक्षा मान वर न करता म्हणाली, "ताई, तुला कधी दिसलं हे?"

"आत्ताच" म्हणता आलं असतं. सरुबाईनंही काम थांबवलं.

"दहाला," फलक म्हणाली.

"दहाला?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी खुर्ची जावी म्हणून."

समीक्षानं फडकं खाली ठेवलं.  मग म्हणाली, "मला वाटलं होतं तू परत आलीस की मी आपणहून उठेन. खरंच वाटलं होतं. मग बसले, तर उठवेना. सगळे विचारायला यायला लागले ना." तिनं नाक पुसलं. "पण तू वाईट केलंस, ताई."

"वाईटच केलं."

"लेबलं लावा गं आदी," सरुबाई म्हणाली. "मग एकमेकींच्या झिंज्या उपटा, मी धरते."

अंबाजीभाऊ आले तेव्हा सहा बॉक्स उरले होते आणि गाडीवाला हॉर्न देत होता. "काय चाललंय?"

"माझी चूक झाली, भाऊ," समीक्षा म्हणाली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "फलकताईनं पकडलं म्हणून बरं." आणि फलककडे बघत उभी राहिली. पुढचं तिनं फलकवर सोडलं होतं.

"मी दहालाच बघितलं होतं, भाऊ," फलक म्हणाली. "गप्प बसले."

भाऊंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "आता दोघींनाबी कटिंगला घालतो आन सरुबाईला बसवतो मशीनवर."

"बसते की," सरुबाई म्हणाली. "काय दाबायचं न्हाई ते म्हाईत हाय मला."

हसू आवरताना समीक्षाला ठसका लागला. आणि त्या गडबडीत, आपण आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, असं वाटून फलक एका दमात म्हणाली, "भाऊ, मंगळवार-शुक्रवार फवारणी असते. ते दोन दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला मशीनवर बसवा. सोमवारी आणि गुरुवारी ती बसेल, मी कटिंगला जाईन. माझं बाळ अंगावरचं सोडेपर्यंतच. ते जमणार नसेल, तर मला काम सोडावं लागेल."

एवढं लांब ती भाऊंशी कधी बोलली नव्हती. भाऊंनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"चार तुझे, दोन माझे," समीक्षा म्हणाली. "वाटणी बाकी झकास केलीस गं." पण तिनं 'नाही' म्हटलं नाही, आणि फलकला कळलं की मालकांपेक्षा तेच महत्त्वाचं होतं.

"मालकांना मी बोलतो," भाऊ म्हणाले. "आदी गाडी भरा."

पुढच्या बुधवारी समीक्षा कटिंग सोडून मुद्दाम हॉलमध्ये आली. क्लासच्या सरांना विचारून तिनं एक छोटा प्रोग्राम आणला होता. त्यानं फक्त मशीनच्या सॉफ्टवेअरपुरता चिनी चष्मा लागणार होता, बाकी कॉम्प्युटर होता तसाच. ती फलकच्या मागं उभी राहिली. "मी नाही करत. तूच कर, मी सांगते."

फलकनं केलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा अक्षरं सुबक उभी राहिली आणि लेबलावरचं मराठी जागचं हललं नाही. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, हा काटा तेव्हाही टोचलाच. समीक्षाचा हात खांद्यावर पडला तेव्हा तर जास्तच.

गुरुवारी ती चार नंबरात होती. औषध नव्हतं, ऊन छपराच्या प्लॅस्टिकच्या कागदातून कोवळं होऊन येत होतं. हॉलमधून हसण्याचा लोट आला. समीक्षानं काहीतरी सांगितलं असणार. फलकची कात्री क्षणभर थांबली. काय म्हणाली असेल? कुणाला? ते जुनं डाचणं उठलं, आणि तिनं ते उठू दिलं. मग पुढची दांडी कापली.

अकराला ती घरी पोचली, हात धुतले, आणि होती तशी ओसरीवरच बसून लेकीला घेतलं. रुमाईसानं तिच्या खांद्यावरून मान उंचावून आत चुलीपाशी असलेल्या आजीला शोधलं, सापडल्यावर एकदा हसून घेतलं. फलक वाट बघत थांबली. मग रुमाईसा तोंड वळवून आईच्या कुशीत शिरली आणि चुटूचुटू प्यायला लागली.